सायकलीचा अडलेला गियर

कामोठ्यांतील कोणत्याही गृहसंकुलाच्या वाहनतळांत जून महिन्याच्या आरंभीं एक फेरी मारली, तर जिन्याखालीं किंवा भिंतीच्या कडेला टेकून ठेवलेल्या कित्येक सायकली दृष्टीस पडतात. त्यांतील पुष्कळांचीं चाकें शाबूत असतात, ब्रेक लागत असतात, रंगही फारसा उडालेला नसतो. तरी त्या कोणी वापरीत नाहीं. कारण विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळतें, तें हें कीं, "गियर अडकला आहे." उन्हाळ्याच्या सुटींत मुलें गांवीं जातात, सायकल दोन महिने जागच्या जागीं उभी राहते, आणि शाळा उघडण्याच्या आठवड्यांत तिच्यावर बसून पाहावें, तों मुठीजवळचा खटका हलत नाहीं, किंवा हलतो परंतु त्याचा परिणाम कांहींच होत नाहीं. मग कोणी सांगतो, सबंध खटका बदलावा लागेल. कोणी सांगतो, सायकलच आतां जुनी झाली. वडिलांस खर्चाची चिंता पडते, मुलास पायीं जावें लागतें, आणि धड असलेली सायकल भंगारवाल्याच्या गाडीची वाट पाहत राहते.

विद्यार्थिमित्रांनो, प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच कीं, अशी सायकल टाकून देण्यापूर्वीं किंवा नव्या खटक्यासाठीं पैसे मोजण्यापूर्वीं तिच्यांत नेमका दोष कोठें आहे, हें तुम्हांस घरच्या घरीं ओळखतां यावें. न चालणारा खटका बहुतेक वेळां मोडलेला नसतो. सुकलेल्या वंगणानें किंवा गंजानें तो धरलेला असतो. अशा खटक्यावर जोर केला, तर मात्र तो खरोखरच मोडतो. यास्तव या कामांत बळापेक्षां क्रम अधिक उपयोगी पडतो. आधीं दोष शोधावा, मग साफ करावें, आणि अगदीं निरुपाय झाला तरच नवा भाग विकत आणावा.

प्रथम या यंत्रणेची ओळख करून घेऊं. तिचीं अंगें तीन. पहिलें अंग म्हणजे मुठीजवळचा खटका, ज्यास शिफ्टर म्हणतात. दुसरें अंग म्हणजे पोलादी तार. ही तार सुमारें १.२ मिलिमीटर जाडीची असून जेथें जेथें वळण आहे, तेथें ती एका नळींतून जाते. या नळीस दुकानांत आउटर म्हणतात. तिसरें अंग म्हणजे मागील चाकाजवळ लोंबणारा, दोन लहान चाकांचा सांगाडा. साखळीस एका दंतचक्रावरून दुसऱ्या दंतचक्रावर नेण्याचें काम हा करतो. त्याचें नांव डिरेलर. पुष्कळ सायकलींस पुढें पेडलजवळही दोन-तीन दंतचक्रें व दुसरा डिरेलर असतो. त्याची तार डाव्या मुठीकडे जाते, आणि मागच्याची उजव्या मुठीकडे. येथें सोयीसाठीं मागच्या गियरचेंच वर्णन केलें आहे. तथापि खटका व तार यांविषयीं जें सांगितलें आहे, तें पुढच्या गियरलाही लागू पडतें.

या तीन अंगांचा आपसांतील व्यवहार समजला, म्हणजे निम्मी दुरुस्ती झाली असें समजावें. आंगठ्यानें मोठा खटका दाबला कीं तार ओढली जाते, डिरेलर आंत सरकतो आणि साखळी मोठ्या दंतचक्रावर चढते. पेडल हलकें होतें व चढ सोपा जातो. दुसरा लहान खटका दाबला म्हणजे तार सैल सुटते. आतां डिरेलरास परत बाहेर कोण आणतें? आपला हात नव्हे. डिरेलरमध्यें एक स्प्रिंग बसविलेली असते, तीच त्यास मागें ओढते. म्हणजे बहुतेक सायकलींत चढविण्याचें काम माणसाचें आणि उतरविण्याचें काम स्प्रिंगचें. तारेला नळींत गंज धरला, तर आंगठ्याच्या जोरानें ती कशीबशी ओढली जाते. परंतु स्प्रिंगचें बळ थोडें, तें गंजापुढें हरतें. म्हणून "गियर चढतो पण उतरत नाहीं" अशी तक्रार असेल, तर पहिला संशय तारेवर घ्यावा.

आतां खटक्याच्या आंत काय असतें तें पाहूं. तेथें एक लहान फिरकी असते व तिच्यावर तार गुंडाळली जाते. फिरकीच्या कडेला करवतीसारखे दांते असतात, आणि त्या दांत्यांत लहान पोलादी जिभा अतिशय बारीक स्प्रिंगच्या जोरानें अडकतात. फ्रीव्हीलमध्येंही अशाच जिभा असतात; सायकलींचे कारागीर त्यांस "कुत्ते" म्हणतात. खटका दाबला कीं एक जीभ फिरकीस एक दांता पुढें ढकलते आणि दुसरी तिला तेथेंच रोखून धरते. आपणांस ऐकूं येणारा "टक्" असा आवाज तो हाच. कारखान्यांत भरलेलें वंगण कांहीं वर्षांनीं घट्ट होऊन मेणासारखें बनतें. त्या मेणांतून जिभेस हलविण्याइतकें बळ बारीक स्प्रिंगच्या अंगीं नसतें. जीभ दांत्यापर्यंत पोहोंचतच नाहीं, आणि खटका बोटाखालीं नुसता रिकामा हलत राहतो.

हा नाजुकपणा खटक्यांत प्रथमपासून नव्हता. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीला तर गियरच नसे. फ्रान्समधील सेंत एतिएन येथें राहणाऱ्या पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) या गृहस्थानें "व्हेलोसिओ" या टोपणनांवानें लेख लिहून, डोंगराळ वाटांसाठीं एकाहून अधिक गियर असावेत असा आग्रह पुष्कळ वर्षें धरला. तथापि "तूर द फ्रान्स" या सुप्रसिद्ध शर्यतींत डिरेलर वापरण्यास सर्वांना मोकळीक मिळाली ती १९३७ सालीं. त्या काळच्या व पुढील अनेक वर्षांच्या गियरांत "टक्" असा आवाज नव्हता. एक साधा दांडा कमी-अधिक फिरवून साखळी योग्य जागीं बसली कीं नाहीं, हें कानानें ओळखावें लागे. जपानांतील साकाई शहरीं १९२१ मध्यें स्थापन झालेल्या शिमानो कंपनीनें १९८४ सालीं शर्यतीच्या सायकलींसाठीं असा खटका आणला कीं, एका टप्प्यास साखळी बरोबर एक चक्र सरके. पुढें तीच पद्धति साध्या सायकलींतही रूढ झाली. चालविणाऱ्याचें काम सोपें झालें. पण जें कौशल्य पूर्वीं माणसाच्या हातांत होतें, तें आतां खटक्यांतील बारीक जिभांच्या ठायीं आलें. म्हणूनच त्या जिभा मोकळ्या राहणें इतकें आवश्यक आहे.

कामोठ्यासारख्या ठिकाणीं हा विकार लवकर जडतो, त्याचें कारण उघड आहे. सिडकोनें वसविलेली ही वसाहत पनवेलच्या खाडीजवळ आहे. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यांत मिठाचा सूक्ष्म अंश असतो. मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें, आणि खारट ओलाव्याच्या संगतीनें लोखंड झपाट्यानें गंजतें. त्यांत जून ते सप्टेंबर कोकणचा पाऊस. शिवाय जवळूनच सायन-पनवेल महामार्ग जातो. त्यावरील वाहनांनीं उडविलेली धूळ तेलकट भागांवर बसते व तिचा काळा लगदा होतो. कोरड्या गांवीं जी सायकल कित्येक वर्षें बिनतक्रार चालेल, तिला येथें पावसाळ्यागणिक थोडी सेवा द्यावीच लागते.

आतां प्रत्यक्ष कामास लागूं. साहित्य थोडेंच लागतें: ५ मिलिमीटरची ॲलन की, फुलीचा लहान स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, दांत घासण्याचा जुना ब्रश, सुती चिंध्या, रद्दी वर्तमानपत्र, शिवणयंत्राचें तेल, आणि गंज सोडविणारें फवाऱ्याचें पातळ तेल. हार्डवेअरच्या दुकानांत डब्ल्यूडी-४० या नांवानें जो डबा मिळतो, तो याच जातीचा होय. अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें १९५३ सालीं धातूवरील पाणी हटवून गंज टाळण्यासाठीं तें प्रथम तयार करण्यांत आलें. चाळिसाव्या प्रयत्नास मिश्रण साधलें, म्हणून नांवांत ४० हा आंकडा आहे. तें मळ सोडविण्यास चांगलें, परंतु टिकाऊ वंगण म्हणून पुरेसें नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

काम दोघांनीं मिळून करावें. एकानें सीट धरून मागचें चाक जमिनीपासून उचलावें व दुसऱ्यानें परीक्षा घ्यावी. परीक्षा तीन आहेत, आणि त्या शेवटच्या अंगापासून सुरू कराव्या.

पहिली परीक्षा डिरेलरची. फ्रेमच्या दांडीवर जेथें तार उघडी दिसते, तेथें ती बोटानें धरून दांडीपासून दूर ओढावी आणि पेडल हळूहळू पुढें फिरवावें. साखळी मोठ्या चक्रावर चढली आणि तार सोडतांच परत उतरली, तर डिरेलर निर्दोष आहे. ती परत उतरली नाहीं, तर पेडल थांबवावें व डिरेलरचा सांगाडा हातानें आंत ढकलून सोडून द्यावा. तो चटकन् मागें आला, तर दोष त्याचा नसून त्याच्याजवळच्या शेवटच्या वळणदार नळीचा असतो. ही नळी जमिनीजवळ असल्यानें तींतच पाणी व चिखल अधिक शिरतो. तो मागें आला नाहीं, तर डिरेलरचे सांधे ब्रशानें घासून प्रत्येक सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडावा.

दुसरी परीक्षा तारेची. चाक व पेडल स्थिर असतांना एकानें डिरेलर आंत ढकलून धरावा, म्हणजे तार सैल पडते. मग नळीचें टोंक फ्रेमवरील खोबणींतून बाहेर काढावें आणि नळी तारेवर पुढें-मागें सरकवून पाहावी. ती सहज सरकली पाहिजे. खरखर लागली किंवा नळी जागची हललीच नाहीं, तर गंज तेथें आहे असें समजावें.

तिसरी परीक्षा खटक्याची. तार नळीसकट अशी सैल असतांनाच एकानें ती हातानें किंचित् ताणून धरावी व दुसऱ्यानें दोन्ही खटके आळीपाळीनें दाबावे. प्रत्येक वेळीं "टक्" असा स्पष्ट आवाज आला आणि तार एकेक टप्पा पुढें-मागें झाली, तर खटका चांगला आहे. तो रिकामा हलला, किंवा अर्ध्यावर जाऊन परतलाच नाहीं, तर सुकलेलें वंगण हें त्याचें बहुधा कारण असतें. अशा रीतीनें पांच-दहा मिनिटांत, एकही रुपया खर्च न करितां, दोष तिहींपैकीं कोठें आहे हें कळून येतें. याच पायरीवर पुष्कळ लोक घाई करतात आणि निर्दोष भाग बदलून बसतात.

दोष खटक्यांत सांपडल्यास त्याची सफाई पुढीलप्रमाणें करावी. खालीं वर्तमानपत्र पसरावें. ब्रेकची चकती किंवा चाकाची कड व ब्रेकचे रबर चिंधीनें झांकून घ्यावे, कारण तेथें तेल लागलें तर ब्रेक धरणार नाहीं, आणि तो धोका अडलेल्या गियरहून फार मोठा आहे. खटक्यावरील झांकण एका-दोन लहान स्क्रूंनीं बसविलेलें असतें, तेवढेंच काढावें. आंतील मधला नट किंवा मोठा स्क्रू कधींही सोडूं नये. तो सोडतांच बारीक स्प्रिंगा उडून जातात आणि त्या पुन्हां बसविणें कसलेल्या कारागिरासही जड जातें. झांकण काढल्यावर दंतफिरकी व जिभा दिसूं लागतात. त्यांवर पातळ तेलाचा फवारा नळकांडीनें नेमका मारावा आणि पंधरा-वीस मिनिटें स्वस्थ बसावें. या स्वस्थ बसण्याचें महत्त्व मोठें आहे. तेलास वंगणांत मुरण्यास वेळ दिला नाहीं, तर दहा फवाऱ्यांनींही काम होत नाहीं.

नंतर दोन्ही खटके पन्नास-साठ वेळां दाबावे, जोर न करितां. तपकिरी, चिकट मळ बाहेर येऊं लागेल. तो ब्रशानें व चिंधीनें टिपून घ्यावा. मळ येण्याचा थांबेपर्यंत हाच क्रम दोन-तीन वेळां करावा. फार जुन्या खटक्यास तेल लावून रात्रभर ठेवावें लागतें. जीभ दांत्यावर टपकन् पडतांना डोळ्यांनीं दिसूं लागली आणि "टक्" ऐकूं आला, म्हणजे काम साधलें. मग सर्व कोरडें पुसून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब जिभांच्या बुडाशीं सोडावे व झांकण लावावें. जाड ग्रीस मात्र भरूं नये. पुढें तेंच घट्ट होऊन पुन्हां तोच प्रसंग येतो. लहान मुलांच्या कांहीं सायकलींत खटक्याऐवजीं मूठच फिरवावयाची असते. तिच्यांतील मळही याच उपायानें सुटतो. परंतु रबरी मुठीच्या हात धरावयाच्या भागांत तेल जाऊं देऊं नये, नाहीं तर हात निसटेल.

दोष तारेंत असेल, तर तेल घालून कांहीं दिवस निभावतें. पण गंजलेली किंवा पीळ उकललेली तार बदलणेंच श्रेयस्कर. सबंध खटक्याच्या मानानें तिला खर्च फारच थोडा येतो. डिरेलरवरील बोल्ट ॲलन कीनें सैल करावा, तारेच्या टोंकाची टोपी कापावी, खटका शेवटपर्यंत सोडून द्यावा, म्हणजे साखळी सर्वांत लहान चक्रावर असतांना तो जेथें असतो तेथें आणावा, आणि तार मागून ढकलावी; खटक्याच्या छिद्रांतून तिचें शिशासारखें डोकें बाहेर येतें. नवी तार त्याच वाटेनें घालावी. विकत घेतांना गियरची तार व गियरचीच नळी मागावी. गियरच्या नळींत पोलादी तारा लांबीच्या दिशेनें रचलेल्या असतात, आणि ब्रेकच्या नळींत पोलादाची पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. गियरची नळी ब्रेकला लावल्यास ब्रेकच्या जोरानें ती फुटूं शकते. म्हणून ही अदलाबदल कोणी सुचविली तरी मान्य करूं नये.

तार बसविल्यानंतर तिचा ताण जुळवावा लागतो. नळी जेथें खटक्यांत किंवा डिरेलरमध्यें शिरते, तेथें बोटांनीं फिरविण्याचा एक लहान गोल पेच असतो. तो आधीं पूर्ण आंत फिरवून एक वेढा बाहेर काढावा, साखळी सर्वांत लहान चक्रावर ठेवावी, तार हातानें ताणून बोल्ट घट्ट करावा. आतां पेडल फिरवीत एक टप्पा दाबावा. साखळी वरच्या चक्रावर जाण्यास कचरत असेल, तर पेच पाव वेढा बाहेर काढावा. ती पलीकडे जाऊं पाहत असेल किंवा उतरतांना अडखळत असेल, तर पाव वेढा आंत घ्यावा. अशा पाव-पाव वेढ्यांनीं आवाज नाहींसा होईपर्यंत जुळणी करावी. डिरेलरवर एच आणि एल अशीं अक्षरें असलेले दोन बारीक स्क्रू असतात; साखळीनें कडेच्या चक्रांबाहेर पडूं नये म्हणून त्या मर्यादा घातलेल्या असतात. गियर अडण्याशीं त्यांचा सहसा संबंध नसतो. त्यांस हात लावूं नये. एल स्क्रू चुकीचा सैल झाल्यास साखळी चाकाच्या आऱ्यांत शिरून चालत्या सायकलीवरून पडण्याचा प्रसंग येतो.

आणखी दोन सूचना अवश्य पाळाव्या. सफाईसाठीं पेट्रोल वापरूं नये, कारण तें क्षणांत पेट घेतें. थिनरही नको, कारण तें खटक्याचे प्लास्टिकचे भाग खातें. रॉकेल हातीं असेल तर चालतें, परंतु उघड्या हवेंत, स्वयंपाकघरापासून दूर आणि वडील माणसाच्या देखरेखीखालीं. दुसरें असें कीं, दुरुस्त केलेली सायकल प्रथम आवारांतच चालवावी, प्रत्येक गियर चढवून-उतरवून पाहावा आणि ब्रेक तपासावा. अर्धवट बसलेल्या साखळीची सायकल घेऊन महामार्गावरील उड्डाणपुलाकडे जाऊं नये. पेडलवर उभें राहून जोर करीत असतां साखळी सटकली, तर स्वार पुढच्या दांडीवर आदळतो, आणि मागून येणारें वाहन त्यासाठीं थांबत नाहीं. वरील सर्व करूनही खटका चालला नाहीं, जिभेची स्प्रिंगच तुटलेली दिसली, किंवा डिरेलर वांकलेला आढळला, तर तें काम नि:संकोच कारागिराकडे न्यावें. तेव्हांही दोष कोणत्या अंगांत आहे, हें तुम्हांस सांगतां येईल, आणि कारागिराचा वेळ व तुमच्या वडिलांचे पैसे दोन्ही वांचतील.

पालकांस एक विनंति आहे. हें काम मुलांकरितां करूं नका, मुलांबरोबर करा. सीट तुम्हीं धरा आणि खटका त्यास किंवा तिला दाबूं द्या. हात काळे होतील, कपड्यांस डाग पडेल. परंतु वस्तु बंद पडली म्हणजे ती टाकावयाची नसते, आधीं तिची चौकशी करावयाची असते, ही गोष्ट ज्या मुलानें एकदां स्वतःच्या बोटांनीं अनुभविली, त्यास ती पुन्हां शिकवावी लागत नाहीं.

शेवटीं, गियर अडूंच नये म्हणून काय करावें, तें सांगून हा लेख पुरा करितों. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं एकदां आणि पावसाळा सरल्यावर एकदां खटका, तारेचीं टोंकें व डिरेलरचे सांधे पुसून तेलाचा एकेक थेंब द्यावा. पावसांत भिजून आलेली सायकल तशीच ओली ठेवूं नये. आठवड्यांतून एकदां सर्व गियर वरपासून खालपर्यंत फिरवावे, मग शाळेची वाट सपाट असली तरी. आणि सुटींत गांवीं जाण्यापूर्वीं साखळी सर्वांत लहान चक्रावर आणून ठेवावी, म्हणजे तार व स्प्रिंग दोघांनाही विश्रांति मिळते. एवढें केल्यास जून महिन्यांत शाळेची घंटा होईल, तेव्हां तुमची सायकल तयार असेल.